किंमत विचारणारे आपण कोण?



अध्यक्षानं शेवटी उठावं, प्रत्येक वक्त्याच्या पदरात थोडं थोडं माप घालावं आणि जेवणाची वेळ झाली म्हणून खाली बसावं, अशी आपल्याकडं रीत आहे. आज ती मी पाळणार नाही. लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या मंडळाच्या या परिसंवादाचा विषय होता, ‘एवढी फी भरून पदवी घ्यावी का?’ तिन्ही वक्त्यांनी आपापल्या परीनं एकच गोष्ट सांगितली. पदवीला आता अर्थ उरला नाही, हातात कौशल्य हवं. आपण टाळ्या वाजवल्या. माझं भांडण त्या टाळ्यांशी आहे.

या मांडवात पदवीधर नाही असं घर दाखवा. तिन्ही वक्त्यांच्या पदव्या निमंत्रणपत्रिकेवर नावापुढं छापल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत, कष्टानं मिळवलेल्या आहेत. तिघांचीही मुलं कॉलेजात आहेत किंवा होती. बारावीनंतर आपल्या मुलाला आयटीआयला घालू, असं आपल्यापैकी एकाच्याही घरात जेवताना कधी निघालं नाही. मग पदवीला अर्थ नाही हे आपण सांगतो कोणाला?

कोणाला सांगतो ते मी पाहिलं आहे. आपल्या ब्लॉकमागं कडुलिंबाखाली इस्त्रीचं टेबल आहे. दोन वर्षांपूर्वी त्या प्रेसवाल्याच्या मुलीला सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात जागा मिळाली. पहिल्या वर्षाचे सोळा हजार भरायचे होते, तेही तीन दिवसांत. बापाकडं सात होते. तो पैसे मागायला आला नाही. सल्ला विचारायला आला, कारण आपण शिकलेली माणसं. चार घरी गेला. पहिल्या घरी त्याला ब्युटी पार्लरचा कोर्स सुचवला. दुसऱ्या घरी सांगितलं, बी.ए. करून आजकाल काय मिळतं? तिसऱ्या घरी पोरीचं लग्न काढलं. चौथं घर माझं होतं. मी म्हणालो, “बघ बाबा, विचार कर.” एवढंच बोललो आणि पेपर वाचायला घेतला. किती कमी पडतात, हे चारही घरांत कोणी विचारलं नाही. तारीख टळली, जागा गेली. ती मुलगी आज सरोजिनी नगर मार्केटमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असते आणि स्कूल ऑफ ओपन लर्निंगमधून बी.ए. करते. दिवसभर दुकान, रात्री पुस्तक. तिनं पदवी सोडली नाही. पदवीचा अर्थ तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

हे सांगताना मला लाज वाटते. का, तेही सांगतो. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातला. छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत राहून १९७९ साली बी.ए. झालो. पहाटे शेतावर काम, मग आंघोळ, मग तास. घरून एक रुपया आला नाही, कारण घरी तो नव्हताच. स्टाफ सिलेक्शनच्या असिस्टंट ग्रेडच्या परीक्षेला बसलो आणि १९८२ साली दिल्लीला आलो. माझ्या सेक्शनमध्ये शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक क्लार्क होता. माझ्यापेक्षा हुशार, नोटिंग माझ्याहून नेटकं. तो मॅट्रिकवर लागलेला. त्याची वेतनश्रेणी २६० ते ४००, माझी ४२५ ते ८००. मी बसलो होतो त्या खुर्चीपर्यंत यायला त्याला निम्मी नोकरी खर्ची घालावी लागली. आमच्या दोघांत बुद्धीचा फरक नव्हता, कागदाच्या एका तुकड्याचा होता. पदवी निरुपयोगी आहे असं मला सांगणाऱ्यानं आधी त्या शेजारच्या टेबलाला उत्तर द्यावं.

या वसाहतीचं नाव झाशीच्या राणीचं आहे. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण माझ्यासारख्याच्या तोंडी लक्ष्मीबाई हे नाव आलं की मला दुसरी लक्ष्मीबाई दिसते. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील, कर्मवीर भाऊरावांची पत्नी. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. कर्मवीर बाहेरगावी असताना एकदा धान्य संपलं. त्या बाईनं आधीच बाकीचे दागिने पोरांसाठी मोडले होते. त्या दिवशी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. १९३० साली ती गेली. तिनं वाढवलेली पोरं पुढं कोण झाली, हे बघायलाही उरली नाही. १९१९ साली काले या गावी सुरू झालेल्या कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९४७ साली साताऱ्यात मी शिकलो ते कॉलेज काढलं, ते फुकट आणि राहण्या-जेवणासकट. कर्मवीरांना स्वतःला कॉलेजचं शिक्षण नव्हतं. मघाशी एका वक्त्यानं पदवी नसलेल्या थोरांची यादी वाचली, तीत त्यांचं नाव होतं. अहो, त्या माणसानं जन्मभर केलं काय? ज्यांच्या घराण्यात कोणी पाटी धरली नव्हती त्यांना पदवीपर्यंत नेलं. त्यांचं नाव पदवीच्या विरोधात वापरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्याच यादीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही होते. १९५४ साली याच दिल्लीत मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारे शास्त्रीबुवा. तर्कतीर्थ हीच मुळी पदवी आहे, आणि ती कलकत्त्याची परीक्षा देऊन मिळवलेली आहे.

आता किमतीकडं येतो. पदवी महाग झाली म्हणजे काय झालं? कांदा महागतो तशी ती महागली नाही. पाऊस पडला नाही म्हणून फी वाढलेली नाही. माणसांनी टेबलाभोवती बसून ती वाढवली, आणि त्याच्या तारखा आहेत.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी बोटांवर मोजण्याइतकी ठिकाणं होती आणि पैसेवाले आपली मुलं डोनेशन देऊन कर्नाटकात पाठवत. तेव्हा तो निर्णय निव्वळ पाप होता असं मी म्हणणार नाही. साखर कारखान्याच्या पट्ट्यातली, जिरायतदाराची पोरं त्यामुळं इंजिनिअर झाली. माझे दोन पुतणे त्यातलेच. पण सरकारनं त्या दिवशी एक गोष्ट कबूल करून टाकली, की शिकवण्याचा खर्च शिकणाऱ्यानं सोसायचा. चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा करावा लागला, इतक्या झपाट्यानं जागेचा भाव फुटला. ‘शिक्षणमहर्षी’ हा शब्द जाऊन ‘शिक्षणसम्राट’ आला तो याच काळात. पुढं फीवरून सर्वोच्च न्यायालयात खटले झाले. मोहिनी जैन, उन्नीकृष्णन, टी.एम.ए. पै, आणि २००५ साली आपल्या महाराष्ट्राचाच इनामदार खटला. न्यायालयांनी नफेखोरी नको म्हणून सांगितलं, फी ठरवायला समित्या आल्या. डोनेशनचं नाव बदललं, बापाची जमीन विकणं थांबलं नाही.

सरकारी संस्थांनाही हीच वाट दाखवली गेली. २०१६ साली आयआयटीची वर्षाची फी नव्वद हजारांवरून दोन लाखांवर गेली. २०१७ साली उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था उभी राहिली, आणि इमारती-प्रयोगशाळांसाठी विद्यापीठांना अनुदानाच्या जागी कर्ज मिळू लागलं. कर्ज म्हटलं की परतफेड आली. विद्यापीठाकडं ना ऊस आहे ना दूध डेअरी. ते परतफेड कोणाच्या खिशातून करणार? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जेएनयूच्या मुलांनी वसतिगृहाच्या भाडेवाढीवर मोर्चा काढला, तेव्हा आपल्या कॉलनीत पोरांची चेष्टा झाली. दहा रुपयांचं तीनशे झालं तर एवढं काय? मीही तेव्हा गप्प होतो. ‘कमवा आणि शिका’त राहून शिकलेला मी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या तरतुदीवर बोलले. सरकार कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी छत्तीस टक्के विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल करतं, हा आकडा त्यांनी सभागृहापुढं ठेवला आणि याला शिक्षणाचा व्यापार म्हणतात, असं बजावलं. छत्तीस टक्क्यांना ते व्यापार म्हणत होते! आज खासगी कॉलेजात शंभर टक्के आणि वर नफा आहे, आणि आपण त्याला ‘गुंतवणूक’ म्हणतो. स्वतः बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. यातून परतावा किती, असं बडोद्याच्या खजिन्यानं विचारलं असतं तर या देशाचं काय झालं असतं?

तुम्ही म्हणाल, अध्यक्षमहाराज भावनेवर बोलतात, आकडे काय सांगतात? मघाशी एक आकडा ऐकवला गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात पदवीधर तरुणांची बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची ३.४ टक्के. आकडा खरा आहे. त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. निरक्षर पोरगा बेकार राहत नाही, कारण बेकार राहणं त्याला परवडत नाही. तो सकाळी नाक्यावर उभा राहतो, मिळेल ती पाटी उचलतो आणि सरकारी हिशेबात ‘रोजगारात’ धरला जातो. पदवीधर थांबतो, चांगल्या कामाची वाट बघतो, अर्ज भरतो. तो आकडा नोकऱ्या निर्माण न करणाऱ्यांवरचा ठपका आहे. तो पदवीच्या गळ्यात अडकवू नका.

एका बाबतीत मात्र मी वक्त्यांच्या बाजूचा आहे, आणि अर्धवट नाही, पूर्ण. या दिल्लीभोवती, तसंच पुण्याभोवती, काचेच्या इमारतींची कॉलेजं उभी आहेत. जाहिरातीत हिरवळ, वर्गात मास्तर नाही. वर्षाला अडीच-तीन लाख. तिथं दहा लाखांचं कर्ज काढणाऱ्या बापाला मी हात जोडून सांगतो, नको. हिशेब माझ्यासोबत करा. दहा लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता सोळा हजार सहाशे. चौऱ्याऐंशी हप्त्यांत जवळजवळ चौदा लाख जातात, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. पोराला पहिली नोकरी पंचवीस हजारांची लागली तर खोलीभाडं देऊन तो खाणार काय? अशा ठिकाणी पैसे घालण्यापेक्षा इग्नूतून किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी आणि सोबत एखादं काम धरावं. त्यात कमीपणा काही नाही.

पण यातून निघतं काय ते नीट बघा. इथून चालत जाण्याच्या अंतरावर एम्स आहे. देशातल्या डॉक्टरकीच्या जागांमध्ये सर्वांत मानाची जागा ती, आणि तिथली एमबीबीएसची वर्षाची फी काही हजारांच्या पुढं जात नाही. खासगी मेडिकल कॉलेजात त्याच पदवीला कोटीपर्यंत मोजावे लागतात. म्हणजे चांगली पदवी महाग असते हेच मुळात खोटं आहे. जिथं सरकारनं आपला हात काढून घेतला नाही तिथं पदवी स्वस्त आहे आणि उत्तमही. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर घाला म्हणून सांगितलं. २०२० चं शैक्षणिक धोरण तेच सहा टक्के पुन्हा लिहितं. चौपन्न वर्षांत हे सहा टक्के कागदावरून खाली उतरले नाहीत. पदवी परवडते का, हा प्रश्न प्रेसवाल्याला विचारू नका. तो अर्थ मंत्रालयाला विचारा. आपल्यापैकी किती जण तिथं फायली हलवून निवृत्त झाले!

२०२४ साली मुजफ्फरनगरच्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा लागली. साडेसतरा हजार भरायचे होते. २४ जूनची संध्याकाळची पाचची वेळ होती. गावातून गोळा करेपर्यंत काही मिनिटं उलटली आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत आला. ३० सप्टेंबरला न्यायालयानं घटनेच्या १४२ व्या कलमाखालचे आपले विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. देशाचं सर्वात मोठं न्यायालय, साडेसतरा हजारांसाठी. त्या पोराला वकील भेटले, बातम्या आल्या. आपल्या कडुलिंबाखालच्या पोरीला नऊ हजार कमी पडत होते आणि तिच्या बापानं ज्या चार दारांवर थाप मारली ती आपली होती.

म्हणून मी अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडतो. कार्यकारिणीला आधी दाखवलेला नाही, नियमात बसत नसेल तर मला आत्ताच थांबवा. ठराव असा: गणेशोत्सवाच्या या वर्षीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा. ऑर्केस्ट्रा या वर्षी नको. या वसाहतीत काम करणाऱ्या कोणाचंही मूल, मग ते मराठी असो, बिहारी असो की बंगाली, सरकारी कॉलेजात जागा मिळवून आलं, की त्याच्या फीचा पहिला हप्ता मंडळानं चोवीस तासांत भरावा. व्याज नाही, जामीन नाही. पैसे परत आले तर पुढच्या मुलाला. पोर्टलवरचा फॉर्म भरायला आपल्यातला एक निवृत्त माणूस जून ते ऑगस्ट रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसेल. पहिलं वर्ष मी बसतो. सुरुवातीचे नऊ हजार मी आणले आहेत, ते या पाकिटात आहेत, खजिनदारांनी पावती फाडावी.

सूचक मी. अनुमोदन कोण देतं? मघाशी टाळ्यांसाठी वर आलेले हात मला आता दिसू द्या.