ओतण्याआधीची बचत

कोल्हापूरजवळ शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कुणाही फौंड्रीवाल्याशी बोला, विषय वीजबिलावर आणि रिजेक्शनवर, म्हणजे सदोष ठरून बाद झालेल्या मालावर, येणारच. मला वाटतं, कारखान्याच्या पर्यावरणाचा हिशेबही तिथूनच मांडायला हवा. छपरावर सौर पॅनेल जरूर बसवावेत, पण आधी रिजेक्शनचं रजिस्टर उघडावं.

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. रस साच्यात शिरतो रनरमधून. थिजताना तो आकसतो, ती तूट रायझर, म्हणजे साच्यातला जादा रसाचा साठा, भरून काढतो. हे दोन्ही भाग पुढे तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. त्यामुळे 4 टन माल हवा तर सुमारे 6 टन धातू वितळवावा लागतो. त्यात रायझरची जागा चुकली, की जाड भागाच्या पोटात पोकळी राहते. वरून जॉब, म्हणजे ओतलेला भाग, ठणठणीत दिसतो, मशीनिंगला लावला की भोक उघडं पडतं. तो पुन्हा वितळवता येतो, म्हणून नुकसान कमी वाटतं. पण खर्ची पडलेली वीज काही परत येत नाही, आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावरच तयार होते.

आता हेच ओतकाम आधी संगणकावर करून पाहता येतं. सगळ्यात शेवटी थिजणारी जागा पडद्यावर दिसते. रायझर तिकडे सरकवायचा, जमलं तर लहान करायचा. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या गटाने यासाठी ‘ऑटोकास्ट’ हे सॉफ्टवेअर इथेच घडवलं. महिन्याला 100 टन माल काढणाऱ्या फौंड्रीचं रिजेक्शन 8 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं असं धरा. 4 टन माल, म्हणजे 6 टन धातू, म्हणजे 3600 युनिटची बचत, दर महिन्याला!

साचे ज्या वाळूचे बनतात, तिचंही तसंच. कण धरून ठेवणारं रेझिन लावलेली वाळू एकदा वापरून ढिगावर जाते. ती तापवून, घासून रेझिन काढलं की पुन्हा साच्यासाठी चालते. ही यंत्रणा एकट्या छोट्या कारखानदाराला झेपत नाही. पाच-पंचवीस जणांनी मिळून ती उभारावी आणि सरकारने तिथे हात सैल सोडावा.

आणखी एक आग्रह. संगणकासमोर नव्या इंजिनिअरच्या शेजारी साचे घडवणाऱ्या जुन्या मोल्डरलाही खुर्ची द्या. कुठला जॉब कुठे दगा देतो, हे त्याला हातानं ठाऊक असतं.