बोरघाटाची वळणे आणि दुचाकीस्वार
(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



रविवारी पहाटे खोपोलीत उभे राहिले, तर मोटारसायकलींवरून बोरघाटाकडे निघालेली तरुण मंडळी दृष्टीस पडतात. घरातील वडीलधारी माणसे विचारतात, ‘एवढी वळणे चढण्यात कसला आनंद?’ या प्रश्नाचे उत्तर घाटाच्या इतिहासातच दडलेले आहे. घाटाचे आकर्षण आणि घाटाची शिस्त यांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते.

कोकण आणि देश यांना जोडणारी ही वाट फार प्राचीन. तिच्या परिसरात कोंडाणे, भाजे, कार्ले येथील लेणी कोरली गेली. राजमाचीच्या किल्ल्याने तिच्यावर पहारा ठेवला. पायथ्याच्या खोपोलीत नाना फडणविसांनी तलाव बांधला. त्या काळी माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथील गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला आणि बैलगाडीचे चाक घाटमाथ्यावर पोहोचले.

खोपोली ते खंडाळा ही चढण सुमारे ५०० मीटर उंचीची. ती सरळ रेषेत चढणे भरल्या गाडीच्या बैलांना अशक्य होते. म्हणून रस्त्याची लांबी वाढविली, त्याला वळणे दिली आणि चढ सौम्य केला. वळण म्हणजे माणसाने डोंगराशी केलेला समझोता होय. १८६३ मध्ये रेल्वेनेही हा घाट पार केला. तिच्या आखणीसाठी डोंगराची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी लोककथा आहे. घाटातील त्याच्या देवळापुढे वाहनचालक आजही हात जोडतात. वाट जाणणाऱ्याचा मान राखावा, हाच त्यातील बोध.

२००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर दुचाकींना बंदी असल्याने दुचाकीस्वाराची सोबत जुन्या रस्त्यानेच केली. मोटारीत बसलेल्याला वळण केवळ जाणवते. दुचाकीस्वाराला मात्र त्यासाठी स्वतःचे शरीर झुकवावे लागते. दरीतून येणारा वारा, पावसाळ्यातील धबधबे, पुढे काय असेल याची उत्सुकता, हे सारे त्याला थेट भेटते. त्याचा आनंद खरा आहे. त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही.

परंतु समझोता दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. विद्यार्थिदशेत एका पावसाळी संध्याकाळी मी मित्रासह हा घाट उतरत होतो. पेट्रोल वाचविण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. वेग वाढला, ब्रेक तापले, आणि धुक्यातून समोर मालमोटार आली. आम्ही गटारात पडलो म्हणून वाचलो. त्या मालमोटारीच्या चालकाने आम्हांला उचलले आणि एवढेच म्हटले, “पोरांनो, घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरावा.” कोणत्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य माझ्या अधिक उपयोगी पडले आहे.

वेग वळणाआधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. आंधळ्या वळणावर कोणालाही मागे टाकू नये. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा नियमच आहे. शिरस्त्राण चालवणाऱ्याने घालावे, तसेच मागे बसणाऱ्यानेही घालावे.

शिक्षकांनी या गोष्टी वर्गात कारणांसह सांगाव्यात. नुसत्या धाकापेक्षा कारण विद्यार्थ्यांच्या अधिक काळ लक्षात राहते. आपल्या गावाजवळ घाट असेल, तर पंचायतींनी पावसाळ्यापूर्वी धोक्याची वळणे, तुंबलेली गटारे, सुटलेले दगड यांची माहिती बांधकाम खात्याला लेखी कळवावी. अपघात घडला, तर गावकरीच प्रथम पोहोचतात. ‘पोलिसांचे झंझट नको’ या भीतीने कोणी मागे फिरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ सद्‍भावनेने जखमीस मदत करणाऱ्याला संरक्षण देते. ही माहिती चावडीवरील फलकावर लावली, तरी एखादा जीव वाचेल.

आम्हांला उचलणाऱ्या त्या चालकाचे नाव मला विचारता आले नाही. आज आपल्यापुढे बोलून त्याचे ऋण अंशतः फेडण्याचा प्रयत्न केला आहे.