पळणाऱ्याचं वजन विचारू नका

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या महिला विभागाने आयोजित केलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला विषय दिला होता 'व्यायामाचे महत्त्व'. पण ते महत्त्व इथे कोणाला ठाऊक नाही? ठाऊक असूनही पुष्कळ जण व्यायामाला घराबाहेर पडत नाहीत, त्याच्या एका कारणावर मी बोलणार आहे. ते कारण म्हणजे, लोक हसतात.

सुरुवात बाप्पापासूनच करू. चतुर्थीच्या रात्री आपण चंद्र का बघत नाही, ही गोष्ट लहानपणी आजीकडून सगळ्यांनीच ऐकली आहे. पोटभर मोदक खाऊन बाप्पा उंदरावरून निघाले, वाटेत पडले, आणि त्यांचं ते पोट बघून चंद्र खदखदा हसला. बाप्पांनी त्याला शाप दिला. मला या गोष्टीत एक गंमत वाटते. दोष पोटाचा ठरला नाही, हसणाऱ्याचा ठरला. लंबोदर हे नाव तर आपण भक्तिभावाने घेतो. मात्र आरती संपली की प्रसादाच्या रांगेत शेजारच्या वहिनींना म्हणतो, "तुम्हाला एकच मोदक हं!"

आता माझी ओळख. वय बावन्न, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ८१ किलो. माइकवरून सांगून टाकलं, म्हणजे आता कोणाला अंदाज करत बसायला नको. सहा वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता मी पळायला लागले. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आपल्या बंगळूरची दहा किलोमीटरची मोठी दौड २००८ साली. तेव्हापासून आपल्यासारख्या साध्या नोकरदार माणसांनाही पळण्याची गोडी लागली. रविवारी सकाळी कब्बन पार्कात बघा, जत्रा असते.

त्या जत्रेत मला भेटलेली माणसं दोन प्रकारची. पहिली म्हणायची, "काकू, पळू नका, गुडघे जातील." दुसरी फार प्रेमळ. ती विचारायची, "किती किलो कमी झालं?" सहा महिन्यांत माझं वजन दोनच किलो उतरलं होतं. पण मी न थांबता पाच किलोमीटर पळू लागले होते, जिना चढताना धाप लागत नव्हती आणि साखर खाली आली होती. हे कोणीच विचारलं नाही. सगळ्यांना किलोचा आकडा हवा होता आणि तो ऐकला की त्यांचे चेहरे पडायचे. मग मलाही वाटायचं, आपण नापास झालो.

पुढे एका लहानशा दौडीत मी नाव नोंदवलं. टी-शर्ट 'एल'च्या पुढच्या मापाचे नव्हतेच, म्हणून घरचा कुर्ता घालून पळाले. आठव्या किलोमीटरला पोहोचले तर पाण्याची टेबलं उचलत होते. शेवटच्या वळणावर माइकवरचा मुलगा म्हणाला, "हेवी व्हेइकल आ रहे हैं, साइड दीजिए!" सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. माझ्याबरोबर माझ्याच बांध्याची एक बाई पहिल्यांदाच पळत होती. ती हसली नाही. नंतर ती मला पार्कात कधी दिसली नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये साडेसात तासांच्या गटाबरोबर जे हळू पळत होते, त्यांच्या आजूबाजूने सफाईची वाहनं फिरू लागली, आणि तिथल्या काही कंत्राटी कामगारांनी त्यांना जाड म्हणून हिणवलं. नंतर आयोजकांना माफी मागावी लागली. बेचाळीस किलोमीटर पायाखाली घालणाऱ्यांची ही कथा!

इथे बसलेले डॉक्टर म्हणतील, "बाई, वजन वाढणं चांगलं नाही." अगदी मान्य. आपल्या भारतीयांना तर कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणूनच उंची-वजनाच्या गुणोत्तराचा, म्हणजे बीएमआयचा, जगभर २५ धरलेला काठ आपल्यासाठी २३ वर आणला आहे. पण या गुणोत्तराचा जन्मही बघा. १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने ते मांडलं, ते सर्वसाधारण माणूस कसा असतो हे शोधण्यासाठी. समोरच्या एका माणसाची तब्येत ठरवण्यासाठी नव्हे. तो माणूस रोज चालतो की दिवसभर खुर्चीत बसतो, हे त्या आकड्याला कळत नाही.

ते कळणं मात्र महत्त्वाचं आहे. अमेरिकेत स्टीव्हन ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे बावीस हजार पुरुषांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. सडपातळ पण दमसास नसलेल्या पुरुषांना मृत्यूचा धोका लठ्ठ पण दमसास असलेल्यांपेक्षा जास्त आढळला. हे ब्लेअर स्वतः ठेंगणे आणि जाडच होते, आणि वर्षानुवर्षं रोज पळत होते.

मग टोचून बोलल्याने माणूस निदान बारीक तरी होतो का? तेही नाही. अमेरिकेतल्याच सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या २०१३ सालच्या एका अभ्यासात, वजनावरून ज्यांना भेदभाव सोसावा लागला होता, ती माणसं पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट दिसली. आणि २०२० साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एकत्र निवेदन दिलं, की वजनावरून हिणवल्याने शरीराचं आणि मनाचं नुकसान होतं, आणि वजन ही सर्वस्वी माणसाच्या इच्छेतली गोष्ट नाही.

बारीक मुलींचीही यातून सुटका नाही. मेरी केन ही अमेरिकेची गुणी धावपटू, सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या संघात निवडली गेली. २०१९ साली तिने जाहीरपणे सांगितलं, की तिला सतत आणखी बारीक व्हायला सांगत, इतरांसमोर तिचं वजन करत. तिची पाळी तीन वर्षं बंद झाली आणि पाच हाडं मोडली. वजन कमी म्हणजे वेग जास्त, हा हिशेब असा अंगाशी येतो.

आता जे सांगायला मी इथे उभी आहे, ते सांगते. माझी मुलगी सातवीत शाळेच्या रिले संघात होती. पुढे तिने पळणं सोडलं. अभ्यास वाढला असेल, असं मी धरून चालले. त्या माइकवाल्या मुलाची गोष्ट मी तिला फोनवर सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, काकूंच्या घरी सगळ्यांसमोर तू मला म्हणाली होतीस, आधी दोन किलो कमी कर, मग असल्या चड्ड्या घालून पळ. तुला आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तिला शब्दन् शब्द आठवतो. बारा वर्षांची होती ती. मी तिची माफी मागितली. ती "असू दे गं" म्हणाली, पण पळायला ती अजून लागलेली नाही.

मंडळी, आपण सगळे मायेपोटीच बोलतो. बोलणारा विसरून जातो, ऐकणारा घरी बसतो. आणि घरी बसणं हेच तब्येतीला सगळ्यात वाईट.

म्हणून कार्यकारिणीकडे तीन मागण्या. आपल्या मंडळाच्या पाच किलोमीटर दौडीचे टी-शर्ट सर्व मापांचे मागवा, आणि माप नाव नोंदवतानाच अर्जावर विचारा, चारचौघांत नको. शेवटचा माणूस येईपर्यंत पाणी आणि पदक देणारं कोणीतरी जागेवर असू द्या. आणि माइक अशा माणसाच्या हाती द्या, जो लोकांना नावाने हाक मारील, अंगावरून नाही.

तुम्हा सगळ्यांकडे मागणी एकच. कोणी पळताना दिसलं तर किलो विचारू नका. "आज किती पळालात?" एवढंच विचारा.

त्या दौडीत शेवटची बहुतेक मीच येईन. तेवढं थांबा माझ्यासाठी.

गणपती बाप्पा मोरया!