उघडे दार

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'श्रद्धा आणि सार्वजनिक जीवन' या विषयावर मी बोलावे असे समितीने सुचविले, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे मराठी शिकविले, पण माझ्या धर्माविषयी वर्गात कधी बोलले नाही. मी ख्रिस्ती आहे हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी मला चर्चच्या वाटेवर पाहिलेले अनेकजण या सभागृहात बसले आहेत. तरीही एका माजी विद्यार्थ्याने मागे मला विचारले होते, "बाई, तुम्ही इतकी वर्षे आमच्यात राहिलात, तुमच्या श्रद्धेचे काय केलेत? ती घरी ठेवून येत होता का?" त्या वेळी मी हसून विषय बदलला. आज त्याला उत्तर देणार आहे.

आपण बडोद्याचे मराठी लोक. बाजारात, बँकेत, शेजारी गुजराती बोलतो. घरी आणि या शाळेत मराठी. भोवताली दुसरी भाषा असताना आपली भाषा कशी जपावी, हे आपल्याला कुणी शिकविले नाही. तरी ते आपण शिकलो. मराठीवर प्रेम करण्यासाठी गुजरातीला कमी लेखावे लागत नाही, आणि शेजाऱ्याशी सलोख्याने राहण्यासाठी मराठी विसरावीही लागत नाही. श्रद्धेचेही असेच असावे, असे मला वाटते. पण भाषेपेक्षा श्रद्धेची वाट अवघड आहे. ती किती अवघड आहे हे समजून घेण्यासाठी मी नेहमी एका स्त्रीच्या चरित्राकडे वळते.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मधला. घराणे मराठी, पण जन्म कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविले, आणि पुराणे सांगत हे कुटुंब भारतभर पायी हिंडले. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बंगाली पतीच्या अकाली निधनानंतर त्या पुण्यास आल्या, तेथून इंग्लंडला गेल्या, आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला म्हणून आपली सारसार बुद्धी त्यांनी कुणाच्या स्वाधीन केली नाही. इंग्लंडमध्येही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन वचन असावे असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी संस्कृत वचनाचा आग्रह धरला. चर्चमधील वडीलधाऱ्यांशी त्यांचे वाद झाले. आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्या माणसाची सत्ता चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा मात्र पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ढळली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. पैसा मुख्यतः अमेरिकेतून येत होता, तरी धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे वचन होते. सदनातील मुलींना आपले सोवळेओवळे, व्रते, पूजा पाळण्याची मोकळीक होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती.

रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, पण परतही लावले नाही. पुण्यात काहूर उठले, वृत्तपत्रांतून टीका झाली, आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांतील कित्येकींचे शिक्षण तेथेच संपले असेल.

या प्रसंगाकडे मी दोन प्रकारे पाहते. ख्रिस्ती म्हणून मला रमाबाईंचे म्हणणे पटते. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लेकरासह प्रार्थना करताना कडी का लावायची? श्रद्धा ही लपविण्याची वस्तू आहे काय? पण मुख्याध्यापिका म्हणून त्या पालकांची बाजूही मला समजते. ज्या बाई आपल्याला जेवू घालतात, शिकवितात, ज्यांच्यावाचून जगात आपल्याला थारा नाही, त्यांच्या उघड्या दाराशी आलेली मुलगी खरोखर केवळ स्वतःच्या इच्छेने आलेली असते का? बाईंनी हाक मारली नाही हे खरे, पण बाईंचे वजनच हाकेसारखे असते. विश्वासाने मुलगी सोपविणाऱ्या माणसांना भीती वाटली, त्यात सगळाच कोतेपणा नव्हता. रानड्यांसारख्या उदारमनस्क माणसाने पाऊल मागे घेतले, त्यालाही कारण होते.

पुढे या देशाने या प्रश्नाचा विचार केला. आपल्या संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. त्याला लागूनच कलम २८ आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणत्याही मुलाला त्याच्या, आणि मूल अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. ही दोन कलमे मला परस्परविरोधी वाटत नाहीत. पहिले माझी श्रद्धा राखते, दुसरे माझ्या हातातील अधिकारापासून मुलांना राखते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने अधिक जपून वागायचे, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

आता माझ्याविषयी. मुख्याध्यापिका झाल्यावरच्या पहिल्याच दसऱ्याला सरस्वतीपूजन माझ्या हातून व्हायचे होते. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. पूजा केली असती तर ते माझ्या देवाशी खोटे वागणे झाले असते, आणि तुमच्या देवतेचाही तो मान नव्हता. आजारी असल्याचे कळविणे सोपे होते. तसे न करता सकाळी विश्वस्तांकडे गेले आणि जे खरे ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. सभागृह झाडून घेण्यापासून सतरंज्या अंथरण्यापर्यंत सारी तयारी मी मुलींबरोबर केली. पूजा आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी केली. मी मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहिले. पहिलीतल्या एका चिमुकल्याने पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. ती घेऊन तो धावत मला दाखवायला आला. "छान काढलीस," असे म्हणताना मला मुळीच अवघडल्यासारखे झाले नाही. तेव्हापासून दरवर्षी हाच क्रम आहे.

दुसरा प्रसंग याच्या उलट. सहावीतल्या एका मुलीचे वडील रुग्णालयात होते. मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही चर्चमध्ये जाता ना? माझ्या बाबांसाठी प्रार्थना कराल? आत्ता, माझ्यासमोर?" मी तिचा हात हातात घेतला. म्हटले, "मी रोज रात्री माझ्या घरी करीन. तुझी आजी देवापुढे दिवा लावते ना? तू तिच्याजवळ बस." मग तिच्याकडून डबा खाववून घेतला आणि संध्याकाळी तिच्या आईला भेटायला रुग्णालयात गेले. प्रार्थना मी केली, रोज केली. वडील बरे झाले. ते माझ्या प्रार्थनेने झाले असे मी कधी म्हटले नाही आणि म्हणणारही नाही.

ही हकीकत ऐकून आमच्या चर्चमधील एक वडीलधारी बाई दुखावल्या. "साक्ष देण्याची हीच वेळ होती, आणि तू भ्यालीस," असे त्या म्हणाल्या. तो शब्द मला लागला. मी भ्याले होते का? अनेक दिवस मी स्वतःला तपासले. आज असे वाटते की थोडी भ्याले असेन. परंतु घाबरलेल्या लेकराच्या गरजेचा उपयोग करून घ्यायचा नाही, हे मी भीतीपोटी ठरविले नव्हते. ते माझ्या प्रभूकडूनच शिकले होते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू ख्रिस्त उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. तो गुरू होता. अधिकार त्याच्या हाती होता. त्या अधिकाराचे त्याने काय केले, तर तो खाली बसला. माझ्या श्रद्धेचा गाभा मला तेथे दिसतो. मुलांसमोर माझा आवाज मी खाली आणते, तो श्रद्धा कमी आहे म्हणून नव्हे. त्या श्रद्धेचीच तशी आज्ञा आहे म्हणून.

रमाबाईंच्या कथेचा शेवट सांगायचा राहिला. पुण्यातील त्या वादळानंतर त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले, ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. १९०० च्या दुष्काळात, ज्याला आपल्या गुजरातेत 'छप्पनियो' म्हणतात, त्यांनी येथील शेकडो अनाथ मुलींना केडगावी आश्रय दिला. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली; तरी हे काम पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आणि शारदा सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई? त्या जन्मभर हिंदूच राहिल्या. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी सदनातले दिवस लिहून ठेवले. रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांना अक्षर दिले, उभे राहण्याचे बळ दिले, आणि बदल्यात धर्म मागितला नाही. मला ही साक्ष मोठी वाटते.

ज्याने मला प्रश्न विचारला होता, त्या माजी विद्यार्थ्याला आता सांगते: बाळा, श्रद्धा मी घरी ठेवून आले नाही. ती रोज माझ्याबरोबर शाळेत येत होती. फी थकलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी होऊ नये म्हणून धडपडताना, रागावल्यावर मुलाची क्षमा मागताना, दसऱ्याच्या सकाळी खरे बोलताना ती बरोबर होती. माझ्या खोलीचे दार उघडेच असते हे तुम्ही जाणता. आत येणाऱ्याने काय घेऊन जायचे, ते त्याने ठरवायचे.

पालकहो, आपल्या मुलांना आपापली श्रद्धा मनापासून द्या आणि शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यासमोर आवाज खाली आणण्याची सवयही लावा. या शाळेने साठ वर्षे हेच केले आहे. परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.