इंद्राची १०१ वर्षे



आत्म्याचा विषय निघाला की चेहरे गंभीर होतात. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट वाचताना मला मात्र दरवेळी हसू येते, आणि आत्म्याविषयी तिच्याइतके नेमके दुसरे काही मला सापडलेले नाही.

आत्मा जाणला की सर्व लोक आणि सर्व कामना हाती येतात, हे प्रजापतींचे बोलणे देवांच्या आणि असुरांच्या कानी गेले. देवांतून इंद्र निघाला, असुरांतून विरोचन. एकमेकांना न सांगता निघालेले हे दोघे हातात समिधा घेऊन एकाच दारी पोहोचले आणि ३२ वर्षे तिथे ब्रह्मचर्याने राहिले. मग प्रजापतींनी विचारले, 'कशासाठी आलात?' ३२ वर्षांनी!

प्रजापतींनी त्यांना पाण्यात पाहायला लावले. केसांपासून नखांपर्यंत स्वतःचे रूप दिसले. नटूनथटून पुन्हा पाहिले, तर नटलेले रूप दिसले. 'हाच आत्मा,' प्रजापती म्हणाले. दोघे तृप्त होऊन निघाले. विरोचनाने घरी जाऊन देहपूजा शिकवली. प्रेताला वस्त्रालंकारांनी सजवणे ही असुरांचीच शिकवण, असे उपनिषद म्हणते.

इंद्र मात्र वाटेतच थबकला. देह आंधळा झाला तर आत्माही आंधळा? देह गेला की तोही गेला? तो परत फिरला. आणखी ३२ वर्षे. उत्तर मिळाले: स्वप्नात हिंडतो तो आत्मा. पण स्वप्नात माणूस रडतोही! पुन्हा ३२ वर्षे. आता उत्तर आले, गाढ झोपेतला तो आत्मा. गाढ झोपेबद्दल कोण तक्रार करील? इंद्राने केली. त्या झोपेत 'हा मी' एवढेही कळत नाही, मग ते नाहीसे होणेच झाले. इंद्राचे हे तिसऱ्यांदा परतणे मला सर्वांत थोर वाटते. सुख हाती असताना तो ज्ञान मागायला आला.

मग फक्त पाच वर्षे, एकूण १०१. शेवटचे उत्तर असे: देह मर्त्य आहे, अशरीर आत्म्याचे ते राहण्याचे ठिकाण. 'मी हा विचार करतो' हे जो जाणतो तो आत्मा, आणि मन हा त्याचा दिव्य डोळा. मन इतके मोठे, तरी ते साधनच. पाहणारा निराळा.

प्रजापती इंद्रावर एकदाही चिडले नाहीत. दरवेळी म्हणाले, 'तुझे खरे आहे, पुन्हा सांगतो.' श्रोतेहो, आपल्या घरातले मूल कालच्याच उत्तरावर आज नवी शंका घेऊन आले, तर त्याला गप्प बसवू नका.