घरांतील समुद्र आणि त्याचा सांडवा

वेसाव्याहून होडीनें खाडी ओलांडून मढला उतरणाऱ्या माणसाला दिवसांतून दोनदां चढणारें व दोनदां ओसरणारें पाणी दिसतें. त्या पाण्याला सांडवा नाहीं. कारण सर्व सांडवे अखेर त्यालाच येऊन मिळतात. विहार तलाव सन १८६० मध्यें पुरा झाला. तो भरला म्हणजे त्याच्या सांडव्यावरून पडणारें पाणी मिठी नदीच्या वाटेनें माहीमच्या खाडींत जातें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां वाट अडलेलें पाणी काय करूं शकतें हें सर्व उपनगरांनीं पाहिलें. समुद्राचें थोडें पाणी कांचेच्या पेटींत घालून दिवाणखान्यांत ठेवलें, कीं समुद्राचा तलाव होतो. आणि तलाव म्हटला म्हणजे सांडवा आलाच.

मरीन ड्राइव्हवर सन १९५१ मध्यें तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. समुद्रांतले रंगीत मासे जिवंत कसे दिसतात, हें मुंबईच्या कित्येक मुलांना प्रथम तेथें कळलें. पुढें ही हौस घरांत शिरली. तिच्यांत दोन गोष्टी आरंभींच जाणाव्या. खडक बांधणाऱ्या प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र आहे. मालवणच्या काय किंवा दुसऱ्या कोणत्या काय, किनाऱ्यावरून तें उपटून आणणें हा अपराध होय. दुसरें असें कीं, समुद्र दाराशीं असला तरी मढचें पाणी सरसकट टांकीला चालत नाहीं. खाडीच्या मुखाशीं तें गढूळ असतें, आणि पावसाळ्यांत गोडें पाणी मिसळून त्याचा खारटपणा उतरतो. म्हणून जाणते लोक शुद्ध पाण्यांत तयार समुद्री मीठ विरघळवितात. दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार असावे, हें त्याचें माप.

आतां रचना पाहावी. दर्शनी टांकीच्या एका कोपऱ्यांत दातेरी कडेची एक उभी पेटी असते. पाणी त्या कडेवरून पेटींत सांडतें, नळीनें खालच्या टांकींत उतरतें, तेथें गाळलें जातें, आणि पंप तें पुन्हां वर चढवितो. जितकें वर चढतें तितकेंच खालीं उतरलें पाहिजे. या एका समतोलावर सारा संसार उभा आहे. तो दोन प्रकारें बिघडतो.

पहिला प्रसंग वीज जाण्याचा. मढच्या एखाद्या घरीं १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद अशी टांकी आहे असें कल्पावें. तिच्यांतील एक सेंटिमीटर उंचीचें पाणी म्हणजे ५.४ लिटर. पंप थांबला कीं कडेच्या वर असलेला थर खालीं येतो. तो चार सेंटिमीटर असेल तर २१.६ लिटर पाण्याला खालच्या टांकींत जागा हवी. याहून कपटी शत्रू म्हणजे पाणी वर आणणारी नळी. तिचें तोंड पाण्याखालीं दहा सेंटिमीटर असेल, तर पंप थांबतांच तीच नळी उलट ओढूं लागते, आणि ५४ लिटर पाणी खालीं येऊन फरशीवर पसरतें. यावर तोड सोपी आहे. तोंड पृष्ठभागाजवळ ठेवावें, किंवा पाण्याच्या पातळीच्या जरा खालीं नळीला बारीक छिद्र पाडावें. पातळी उतरली कीं छिद्रांतून हवा शिरते व ओढ तुटते. परंतु हें छिद्र शेवाळानें बुजतें, आणि बुजलेलें छिद्र नसल्यासारखेंच. तें आठवड्याला टांचणीनें मोकळें करावें.

दुसरा प्रसंग उतरणारी नळी तुंबण्याचा. मग पंप खालचें पाणी वर लोटीतच राहतो, टांकी कांठोकांठ भरून वाहते, आणि अखेर पंप कोरडा फिरून जळतो. एकच नळी ठेवणें म्हणजे एका दोरीवर नांव बांधणें होय. म्हणून पेटींत तीन नळ्या असाव्या. पहिली पाण्यानें पूर्ण भरून वाहते. तिच्यांत हवा नसल्यानें गुडगुड होत नाहीं, आणि तिच्यावरील व्हॉल्व्हनें प्रवाह बेतां येतो. दुसरीचें तोंड थोडें उंच. तिच्यांतून केवळ पातळ धार जावी. तिसरीचें तोंड सर्वांत उंच. ती कोरडीच असावी. या दोहोंवर व्हॉल्व्ह बसवूं नये. संकटकाळची वाट कोणी चुकून बंद करूं शकेल, अशी ठेवणें शहाणपणाचें नव्हे. पहिल्या नळीचें खालचें टोंक पाण्यांत दोनतीन सेंटिमीटरच बुडालेलें असावें. अधिक खोल गेल्यास आंतली हवा बाहेर पडत नाहीं, व वीज परत आल्यावर नळी भरून वाहण्यास अडते.

निगेचें काम थोडें पण नेमाचें आहे. दर आठवड्यास कडेचे दाते घासावे. ते बुजले म्हणजे पाणी उंच चढतें, आणि वीज जातां अधिक पाणी खालीं येतें. गोगलगाय नळींत शिरून बसते, म्हणून तोंडाशीं जाळी असावी. सांध्यांवर व कांठावर मिठाची पांढरी पुटें चढतात; तीं गोड्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसावीं. हेंच मीठ विजेच्या तारेवरून सरकत प्लगपर्यंत पोंचतें. यास्तव तार प्लगच्या खालीं झोळ देऊन मग वर न्यावी. महिन्यांतून एकदां व्हॉल्व्हच्या जागेची खूण करून तो पुरा फिरवावा व खुणेवर आणावा. न फिरविलेला व्हॉल्व्ह चुन्यानें जाम होतो. सहा महिन्यांनीं प्लग काढून युनियन सोडवाव्या, नळ्या पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्यें भिजत घालून ब्रशानें घासाव्या आणि गोड्या पाण्यानें धुवाव्या. रबरी वॉशर चिरला असल्यास बदलावा. तांब्यापितळेचे सुटे भाग स्वस्त मिळाले तरी नाकारावे. खारें पाणी त्यांना खातें, आणि उतरलेलें तांबें कालवें, कोळंबी अशा जीवांना विष होतें.

पाऊस सुरू होण्यापूर्वीं एका रविवारीं घरांतल्यांनीं मिळून परीक्षा घ्यावी. पंप मुद्दाम बंद करून खालची टांकी कोठवर भरते तें पाहावें, व कांचेवर रेघ मारावी. रोजची पातळी अशी राखावी कीं पंप थांबल्यावर पाणी त्या रेघेवर जाऊं नये. मग पंप चालू करून पहिली नळी बंद करावी. दुसरीनें सर्व भार उचलला पाहिजे. तिचेंही तोंड क्षणभर दाबून तिसरी वाहते कीं नाहीं हें पाहावें. ही परीक्षा पंपाच्या बटणाशीं एक माणूस उभा करूनच करावी.

पाहुणा येतो तो मासे पाहतो; मागची पेटी कोणी पाहात नाहीं. परंतु मध्यरात्रीं वीज जाते, घर झोंपलेलें असतें, तेव्हां त्या माशांचे प्राण आणि घराची कोरडी फरशी ह्या दोन्ही गोष्टी एका टांचणीच्या छिद्रावर अवलंबून असतात. ज्याला तें छिद्र मोकळें ठेवण्याचा कंटाळा आहे, त्यानें मासे पाहण्यास समुद्रावर जावें. तेथें सांडव्याची चिंता नाहीं.