नकाशाचा तुकडा पाठवितांना

माझें शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचें. पुढें अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून मीं पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत गणित व भूगोल शिकविला. अशा मनुष्यानें इमारतींच्या आराखड्यांविषयीं, आणि तेही ई-मेलनें पाठविण्याविषयीं, आपल्याशीं बोलावें हें थोडें नवल वाटण्याजोगें आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर एका लहानशा बांधकामाच्या निमित्तानें हा विषय माझ्या गळ्यांत पडला. त्यांत माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीचा त्रास मला न होतां दुसऱ्यालाच झाला. ती हकीकत आधीं सांगतों, म्हणजे पुढें जें सांगावयाचें आहे तें सांगण्याचा अधिकार मला कोठून आला हें आपल्या ध्यानीं येईल.

आमचें गांव कोंकणांतलें. गांवच्या वाचनालयाला वर्गणीच्या पैशांतून एक नवी खोली बांधावयाची ठरली. आराखडे पुण्यास तयार होत. बांधकाम जांभ्या दगडाचें, गांवच्याच गवंड्याच्या हातचें. आणि या दोहोंमध्यें दुवा मी. पुण्याहून ई-मेल यावयाचा, मीं तो तालुक्याच्या दुकानांत छापून आणावयाचा, आणि गवंड्याच्या हातीं द्यावयाचा, असा क्रम होता. आमच्याकडे पाऊस मोठा, म्हणून जोतें दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच ठेविलें होतें. माझा एक जुना विद्यार्थी झाडावरून पडून कमरेखालीं अधू झाला आहे. त्याला वाचनाची विलक्षण आवड. परंतु पुस्तक कोणीतरी आणून द्यावें तेव्हां त्यानें वाचावें. "गुरुजी, कपाटापुढें बसून स्वतःच्या हातानें पुस्तक निवडावें एवढीच इच्छा आहे," असें तो मला एकदां म्हणाला होता. म्हणून पायऱ्यांच्या शेजारीं चाकांच्या खुर्चीसाठीं एक उतार, ज्याला रॅम्प म्हणतात तो, बांधावयाचें ठरलें. बारा हात लांबीला एक हात उंची, हें अशा उताराचें सर्वमान्य प्रमाण. त्या हिशेबानें ४५ सेंटिमीटर उंचीला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी हवी.

आराखड्यांचे आठ मोठे कागद एकाच फाईलींत होते, आणि ती फाईल इतकी जड कीं ई-मेलनें जाईना. गवंडी तर दारांत उभा. तेव्हां पुण्याच्या तरुण आरेखकानें संगणकाच्या पडद्यावर दिसत असलेल्या उताराचें चित्र तेवढें कापून घेतलें, "प्रमाण १:५०" असें पत्रांत लिहिलें, आणि पाठवून दिलें. दोन मिनिटांत काम झालें. मला कौतुक वाटलें. तें चित्र छापतांना दुकानांतील यंत्रानें कागदाला बेताचें म्हणून लहान केलें. लांबीचा आंकडा कापतांना कडेला गेला होता. गवंड्यानें मला विचारलें, "गुरुजी, आंकडा दिसत नाहीं, पट्टी लावूं काय?" मीं म्हटलें, "लावा."

मूळ प्रमाणांत तो उतार कागदावर १०.८ सेंटिमीटर भरला असता. छापलेल्या चित्रांत तो ८.६ भरला. पन्नासनें गुणून गवंड्यानें ४ मीटर ३० सेंटिमीटर लांबी धरली व काम पुरें केलें. त्याच्या गणितांत तिळमात्र चूक नव्हती. परंतु बारांस एक हा चढ साडेनवांस एक झाला. उद्घाटनाच्या दिवशीं माझा विद्यार्थी आला, अर्ध्या उतारापर्यंत चढला, आणि खुर्ची मागें घसरूं लागली. दोघांनीं धरून त्याला वर नेलें. तो हंसला, पण ज्या गोष्टीसाठीं हा सारा खटाटोप केला होता, ती गोष्ट, म्हणजे कोणाच्या मदतीवांचून आंत येणें, तेवढी साधली नव्हती.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. आरेखकाचा किंवा गवंड्याचा मला राग आला नाहीं, माझाच आला. पस्तीस वर्षें मीं मुलांना शिकविलें कीं, नकाशा म्हटला म्हणजे त्याला शीर्षक हवें, दिशा हवी, प्रमाण हवें आणि खुणांची सूची हवी. एखाद्या मुलानें प्रमाण न लिहितां नकाशा काढला तर मीं त्याचे गुण कापीत असें. आणि तोच मी, ज्याला शीर्षक नाहीं, दिशा नाहीं, सूची नाहीं असा तुकडा गवंड्याच्या हातीं देऊन "लावा पट्टी" म्हणून मोकळा झालों!

पूर्वीं असा तुकडा पाठविणें सोपें नव्हतें. इंग्लंडांत जॉन हर्शल यांनीं १८४२ सालीं निळ्या छापाची रासायनिक कृति शोधून काढली, आणि पुढें तिच्यावरूनच इमारतींचे व यंत्रांचे निळे नकाशे निघूं लागले. मोठ्या नकाशाचा एखादा भाग हवा असला म्हणजे त्यावर पारदर्शक कागद पसरून तेवढा भाग हातानें गिरवावा लागे. त्याला वेळ लागे. परंतु गिरविणारा मनुष्य त्या वेळांत विचार करी, आणि खालीं नांव, प्रमाण व तारीख लिहिल्यावांचून कागद हातावेगळा करीत नसे. १९८२ सालीं ऑटोकॅड आलें, १९९३ सालीं पीडीएफ आली, आणि दोन तासांचें काम दोन मिनिटांवर आलें. ही सोय मोठीच आहे. परंतु वांचलेल्या वेळाबरोबर ती शेवटची ओळही वांचवावी असा मोह होतो, आणि तेथेंच घात होतो.

तेव्हां तुकडा झटपट कसा पाठवावा? मीं पुढें त्या आरेखकाकडूनच हें शिकून घेतलें. पाठविण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःस विचारावा: घेणारा मनुष्य या तुकड्याचें काय करणार आहे? तो नुसता पाहणार, त्यावरून मोजणार, कीं त्यावर पुढें रेखाटणार? या तीन कामांना तीन निराळ्या वाटा आहेत.

पहिली वाट पाहणाऱ्यासाठीं. "ही खिडकी डावीकडे घ्यावी काय?" एवढेंच विचारावयाचें असेल तर पडद्याचें चित्र पुरे. हल्लींच्या विंडोज संगणकावर विंडोज, शिफ्ट व एस या तीन कळा एकदम दाबाव्या, हवा तेवढा चौकोन ओढावा, आणि तें चित्र थेट पत्रांत चिकटवावें. तांबड्या रेघेनें एक वर्तुळ काढलें म्हणजे प्रश्न कोठला तें लांबलचक वर्णनावांचून कळतें. परंतु अशा चित्राला माप नसतें. म्हणून त्याच्यावरच "मोजूं नये" असे दोन शब्द लिहावे.

दुसरी वाट मोजणाऱ्यासाठीं, म्हणजे गवंडी, सुतार, लोहार यांच्यासाठीं. येथें पीडीएफ हवी. ऑटोकॅडमध्यें प्लॉटची आज्ञा देऊन काय छापावयाचें या ठिकाणीं "विंडो" निवडावें, हव्या भागाभोंवतीं चौकोन आंखावा, कागद ए-४ ठेवावा, आणि "फिट"ची खूण काढून टाकून प्रमाण स्वतः घालावें, जसें १:५०. अशा पीडीएफमधील रेघा कितीही मोठ्या करून पाहिल्या तरी पुसट होत नाहींत. छापणाऱ्यानेंही "फिट" न निवडतां "ऍक्च्युअल साईझ" निवडावें. नाहीं तर काय होतें पहा: ए-१ आकाराचा नकाशा ए-४ कागदावर बसविला तर लांबी मुळाच्या सुमारें ३५ टक्के उरते, १:५० चें प्रमाण १:१४१ च्या आसपास जातें, आणि कागदावर मात्र १:५० हेंच अक्षर गंभीरपणें उभें असतें!

यावर उपाय आम्हां भूगोलाच्या मास्तरांच्या पेटींतलाच आहे. नकाशाचें प्रमाण तीन तऱ्हांनीं दाखवितात: शब्दांनीं, अंकांनीं आणि रेषेनें. पहिलीं दोन कागद लहानमोठा होतांच खोटीं ठरतात. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आंखडतें व नकाशाबरोबरच वाढतें, म्हणून तें कधीं खोटें बोलत नाहीं. तेव्हां प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांत एक मीटर लांबीची आडवी रेघ खुणांसह काढावी. १:५० च्या कागदावर ती पट्टीनें बरोबर २ सेंटिमीटर भरली तर कागद खरा. न भरली तर कागद बाजूस ठेवावा. एवढी एक रेघ त्या दिवशीं असती, तर मला आज हें भाषण करावें लागलें नसतें. आणि मोजण्याची वेळ येऊंच नये म्हणून महत्त्वाचे सर्व आंकडे तुकड्यांत पुरे आले आहेत कीं नाहींत, हें कापल्यावर पुन्हां पाहावें.

तिसरी वाट पुढें रेखाटणाऱ्यासाठीं. म्हणजे सळ्यांचा हिशेब करणारा अभियंता किंवा विजेच्या तारांचा नकाशा करणारा मनुष्य. त्याला चित्र देऊन उपयोग नाहीं. त्याला मूळ रेखाटनच हवें. त्यासाठीं ऑटोकॅडमध्यें डब्ल्यूब्लॉक नांवाची आज्ञा आहे. डब्ल्यू हें एकच अक्षर टंकिलें तरी चालतें. मग हव्या त्या रेषा निवडाव्या, एक आधारबिंदु द्यावा, एकक मिलिमीटर कीं मीटर तें नेमून द्यावें, म्हणजे तेवढाच भाग निराळी फाईल होऊन बाहेर पडतो. आधारबिंदु मात्र खांबांच्या अक्षरेषा जेथें छेदतात तेथें घ्यावा, म्हणजे दुसऱ्याला तो भाग आपल्या नकाशांत नेमका बसवितां येतो. पर्ज या आज्ञेनें फाईलींतील निरुपयोगी सामान काढून टाकावें. घेणाऱ्याचें ऑटोकॅड जुनें असेल तर फाईल जुन्या स्वरूपांत जतन करावी. २०१८ चें स्वरूप २०१७ च्या ऑटोकॅडला उघडत नाहीं. नकाशाला दुसरे नकाशे किंवा विशेष टंक जोडलेले असतील तर ई-ट्रान्समिट ही आज्ञा तें सर्व एका गठ्ठ्यांत बांधून देते.

आतां वजनाची गोष्ट. जीमेलवरून एका पत्राबरोबर २५ एमबीपर्यंतच सामान जातें. शिवाय ई-मेलच्या प्रवासासाठीं फाईलीचें जें अक्षरांत रूपांतर होतें त्यांत तिचें वजन सुमारें एक तृतीयांशानें वाढतें, म्हणून काठोकाठ भरूं नये. त्याहून जड गठ्ठा असेल तर तो आंतरजालावरील साठवणींत ठेवून पत्रांत त्याचा दुवा द्यावा. घाईनें चित्र कापण्यापेक्षां तें शतपटीनें बरें.

वाट कोणतीही असो, तुकड्याबरोबर त्याचें कूळ गेलें पाहिजे. म्हणजे काय? नकाशाचा क्रमांक, कितवी सुधारणा तें व तिची तारीख, उत्तर दिशेचा बाण, जवळच्या दोन अक्षरेषांचीं नांवें, आणि कोपऱ्यांत संपूर्ण इमारतीचा अंगठ्याएवढा नकाशा, ज्यांत हा भाग काळा करून दाखविला आहे. पत्राच्या विषयाच्या ओळींतही तेंच असावें: "वाचनालय, नकाशा ३, सुधारणा २, उतार, लांबी पाहून कळवावें." सहा महिन्यांनीं शोधतांना हीच ओळ उपयोगी पडते. आणि नवी सुधारणा पाठवितांना "पूर्वींचा कागद फाडून टाकावा" हें वाक्य लिहावयास लाजूं नये. कारण बांधकामावर जुना कागद नव्यापेक्षां जास्त दिवस जगतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्या उताराचें पुढें काय झालें तें सांगून पुरें करतों. वरचा थर उकरून, टोकाला आणखी १ मीटर १० सेंटिमीटर वाढवून, गवंड्यानें तो पांच दिवसांत नीट केला. वर्गणीचा पैसा लोकांचा, चूक माझी. म्हणून तो खर्च मीं सोसला. नवा कागद आला तेव्हां गवंड्यानें प्रथम कोपऱ्यांतील रेघेला पट्टी लावली, आणि मगच कामाला हात घातला. हल्लीं माझा विद्यार्थी बहुतेक रोज संध्याकाळीं एकटा येतो. उतार चढतांना मधें एकदां थांबतो, दम घेतो, आणि पुन्हां चाकें फिरवितो. मदतीला कोणी धांवलें तर त्याला आवडत नाहीं.

श्रोतेहो, पूर्ण वस्तूचा तुकडा करणें हें कातरीचें काम आहे, आणि कातर आतां सर्वांच्याच हातीं आली आहे. परंतु तुकडा ज्याच्या हातीं पडावयाचा त्याला तो कशाचा, केवढा आणि केव्हांचा हें सांगणें, हें अजून मनुष्याचेंच काम आहे. त्याला मिनिटभर लागतें. तें मिनिट आपण द्यावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.